जेवणासाठी जुन्या फ्रेंच ताटल्या : पॅरिस आणि लिमोजचा प्रवास

गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघे पुण्याहून फ्रान्सला गेलो, तेव्हा चार दिवस एकाच कामासाठी राखून ठेवले होते : सणावाराला आणि पाहुणे आल्यावर ज्यांत जेवता येईल अशा बारा जुन्या पोर्सेलीनच्या ताटल्या शोधणे. काचेच्या कपाटात मांडून ठेवण्यासाठी ताटल्या घेणाऱ्यांचे निकष वेगळे असतात. आमच्या ताटलीत गरम वरण-भात वाढता आला पाहिजे, एवढीच आमची अट होती आणि तिच्यामुळे काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे ठरवणे पुष्कळ सोपे झाले.

सुरुवात शनिवारी सकाळी पॅरिसच्या दक्षिण टोकाला, व्हान्व्हच्या जुन्या बाजारात केली. मेट्रोच्या १३ क्रमांकाच्या मार्गावर ‘पोर्त द व्हान्व्ह’ स्थानकावर उतरले की हा बाजार चालत काही मिनिटांवर आहे. तो फक्त शनिवारी आणि रविवारी पदपथावर भरतो आणि दुपार झाली की विक्रेते आवराआवर करू लागतात, म्हणून सकाळी लवकर पोहोचावे. उत्तरेकडील सेंट-ऊँचा बाजार याहून कितीतरी मोठा आहे आणि शनिवार ते सोमवार उघडा असतो, पण तेथे बहुतेक कायमची दुकाने असल्याने भावही त्या मानाने चढे वाटले. नजर तयार करण्यासाठी सेंट-ऊँ उत्तम आहे. ताटली हातात घेऊन, उलटीसुलटी करून, विक्रेत्याशी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलून खरेदी करण्यासाठी मला व्हान्व्ह अधिक आवडले.

ताटली हातात आल्यावर काय पाहावे, हे थोडे सविस्तर सांगते. प्रथम ती उजेडासमोर धरून मागे बोटे फिरवावीत. पोर्सेलीन असेल तर बोटांची सावली आरपार दिसते, फायान्स, म्हणजे झिलई दिलेली साधी भाजलेली माती, असेल तर दिसत नाही. झ्यँ, सारगमीन, क्रेय-माँतरो येथील फायान्सच्या ताटल्या फार देखण्या असतात आणि बाजारात पुष्कळ मिळतात. तथापि त्यांची माती सच्छिद्र असते, झिलईला, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराला, कालांतराने बारीक भेगांचे जाळे पडते आणि तेल व हळद त्या भेगांतून आत मुरते. मराठी जेवणासाठी त्या घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. उजेडाची परीक्षा झाली की ताटली तीन बोटांच्या टोकांवर तोलून कडेला नखाने हलकेच टिचकी मारावी. धड ताटली घंटेसारखी किणकिणते. केसासारखा तडा गेलेली बद्द वाजते. शेवटी डोळे मिटून कडेवरून बोट फिरवावे. सोनेरी रेषेत लपलेला टवका डोळ्यांआधी बोटाला कळतो.

त्या दिवशी आम्ही चारच ताटल्या घेतल्या. पांढऱ्याशुभ्र, सोनेरी कडेच्या, मागे कोणतीही खूण नसलेल्या या ताटल्या ‘जुने पॅरिस’ या नावाने विकल्या जातात. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधील अनेक कारखान्यांचा माल खुणेविना बाजारात येत असे, त्यामुळे खूण नाही म्हणून ताटली टाकून देण्याचे कारण नाही. उलट, एकमेकांत गुंफलेल्या दोन ‘एल’ अक्षरांची, सेव्हरच्या राजाश्रयी पोर्सेलीन कारखान्याची खूण स्वस्त ताटलीवर दिसली तर सावध व्हावे, कारण या खुणेची नक्कल अतोनात झालेली आहे.

संध्याकाळी ऑस्टरलिट्झ स्थानकावरून गाडी पकडून साडेतीन तासांच्या आसपास आम्ही लिमोजला उतरलो. घुमट आणि उंच घड्याळाचा मनोरा असलेले १९२९ सालचे बेनेदिक्तँ स्थानक रात्रीच्या दिव्यांत पाहिल्यावर थकवा निघून गेला. या गावाला पोर्सेलीनचे गाव का म्हणतात, त्याचे उत्तर दक्षिणेकडील सेंट-इरिए या गावच्या जमिनीत आहे. १७६०च्या दशकाच्या अखेरीस तेथे केओलिन ही शुभ्र माती सापडली आणि १७७१मध्ये लिमोजला पोर्सेलीनचा पहिला कारखाना निघाला. भट्ट्यांना लागणारे लाकूड व्हिएन नदीच्या प्रवाहातून वाहून आणता येत होते. चित्रकार रन्वार याचा जन्म १८४१मध्ये याच गावचा, आणि तोही पोरवयात पॅरिसला पोर्सेलीनवर चित्रे रंगवूनच कामाला लागला होता.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी लिमोजच्या कॅथीड्रलभोवती जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. आमच्या प्रवासाच्या तारखा आम्ही त्यावरूनच ठरवल्या होत्या आणि तुम्हीही तसेच करावे. उरलेल्या आठ ताटल्या तेथेच मिळाल्या. त्यांतील सहा खोलगट आहेत. फ्रेंच लोक त्यांत सूप घेतात. आपल्याकडे वरण-भात, खिचडी किंवा खीर यांसाठी त्यांच्याइतकी सोयीची ताटली दुसरी नाही, आणि जेवणाच्या सपाट ताटल्यांच्या तुलनेत त्या आम्हाला स्वस्तही मिळाल्या.

सोमवारी आद्रियाँ द्युबूशे हे चिनी मातीच्या भांड्यांचे राष्ट्रीय संग्रहालय पाहिले. (ते मंगळवारी बंद असते.) नदीकाठच्या कासो भागात १८८४ची एक प्रचंड गोल भट्टीही जपून ठेवली आहे. खरेदीआधी ही दोन्ही ठिकाणे पाहिली असती तर बरे झाले असते, कारण कोणती ताटली जेवायला योग्य याचे खरे उत्तर भट्टीत आहे. केओलिन, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ या खनिजांपासून केलेली पोर्सेलीनची ताटली झिलईसह सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजली जाते. ही झिलई फेल्डस्पारची असते आणि तिला शिशाची गरज लागत नाही. मात्र बहुतेक रंग आणि सोने एवढी धग सोसत नाहीत, म्हणून ते झिलईच्या वर लावून बऱ्याच कमी तापमानाला पुन्हा भाजतात, आणि ते रंग कमी उष्णतेत वितळून बसावेत म्हणून जुन्या काळी त्यांत सर्रास शिसे घातले जाई. हे विषारी शिसे अन्नात उतरू नये म्हणून माझा नियम असा झाला : चित्रकाम केवळ कडेच्या पट्ट्यावर असावे आणि अन्न जेथे टेकते तो मधला भाग कोरा पांढरा असावा. मध्यभागी गुलाबांचा गुच्छ असलेली, मला मनापासून आवडलेली एक ताटली मी याच कारणाने घेतली नाही.

मागील खुणांविषयीही तेथेच नीट समजले. झिलईखालची, बहुधा हिरवी खूण ताटली घडवणाऱ्या कारखान्याची असते. झिलईवरची, अनेकदा लाल खूण ती रंगवणाऱ्याची. दोन खुणा असणे हे नकलीचे लक्षण नव्हे. दुसरी खूण मुळीच नसेल, तर ती ताटली कोरी विकली जाऊन कोणी घरी रंगवलेली असू शकते. अशा कोऱ्या ताटल्या लिमोजहून अमेरिकेला भरपूर जात. ‘फ्रान्स’ हा शब्द असेल तर ताटली बहुतेक १८९१ नंतरची समजावी, कारण अमेरिकेच्या १८९०च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव बंधनकारक केले. डेव्हिड हॅव्हिलँड हा अमेरिकी व्यापारी १८४२मध्ये लिमोजला येऊन स्थायिक झाला आणि त्याच्या घराण्याने अमेरिकी घरांसाठी प्रचंड माल काढला. हॅव्हिलँडच्या नक्षींना श्लायगर क्रमांक, म्हणजे श्लायगर यांच्या यादीतील क्रमांक, दिलेले आहेत, त्यामुळे एखादी ताटली फुटली तर त्याच नक्षीची जोड पुढे शोधता येते. पहिल्यांदा घेणाऱ्यांनी हॅव्हिलँडपासूनच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

एका ताटलीत आम्ही फसलो. हॉटेलवर गरम पाण्यात धुताना तिच्या कडेचा लेप मऊ पडून निघाला आणि खालचा मोठा टवका उघडा झाला. विक्रेत्याने दुरुस्तीविषयी काही सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. ‘हिची दुरुस्ती झाली आहे का?’ हे वाक्य फ्रेंचमध्ये लिहून खिशात ठेवावे आणि प्रत्येक ताटलीसाठी दाखवावे.

आणताना ताटल्या आडव्या रचू नयेत. प्रत्येक ताटली सुती कपड्यात गुंडाळून पुस्तकांसारखी उभी ठेवावी आणि ती पिशवी विमानात स्वतःजवळ बाळगावी. आमच्या बारा ताटल्यांचे वजन पाच किलोंच्या आसपास भरले. युरोपबाहेरच्या प्रवाशांना करपरतीची सोय आहे, पण त्यासाठी एका दुकानातील खरेदी १०० युरोंच्या वर असावी लागते आणि पदपथावरील विक्रेत्यांकडून ती सहसा मिळत नाही. पावत्या मात्र मागून घ्याव्यात. परतल्यावर जकातीच्या खिडकीवर त्या दाखवता येतात.

घरी वापरताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या ताटाची डावी बाजू, म्हणजे लिंबाची फोड, लोणचे, चटणी, कोशिंबीर, ही नेमकी कडेच्या रंगीत पट्ट्यावर येते, आणि आंबट पदार्थ शिशाच्या रंगांवर टेकू देणे सर्वांत धोक्याचे. त्यामुळे डावी बाजू आम्ही लहान काचेच्या वाट्यांत, ताटलीबाहेर वाढतो. चिंचेची आमटी आणि सोलकढी यांनाही वेगळी वाटी असते. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना या ताटल्यांत वाढत नाही, आणि उरलेले अन्न त्यांत झाकून ठेवत नाही. स्टीलची वाटी ताटलीत ठेवली की पांढऱ्या झिलईवर करड्या रेघा उमटतात. त्या ओल्या खाण्याच्या सोड्याने बोटाने हलकेच चोळल्यावर जातात, पण सोनेरी कामाला सोडा लावू नये. सुरी-काट्याने पडणारे ओरखडे हाताने जेवणाऱ्या घरात पडत नाहीत, ही आपल्या पद्धतीची मोठी सोय आहे. भांडी धुण्याचे यंत्र आणि मायक्रोवेव्ह दोन्ही वर्ज्य. सिंकमध्ये जाड टॉवेल अंथरून कोमट पाण्यात मऊ फडक्याने एकेक ताटली मी स्वतः धुते, पुसते आणि मध्ये फ्लॅनेलचा गोल तुकडा घालून सहापेक्षा अधिक एकावर एक रचत नाही. टवका उघडा झालेली ती अकरांच्या शेजारी वेगळी ठेवली आहे आणि तिच्यात फुले ठेवतो. तिची जोड शोधण्यासाठी नक्षीचे छायाचित्र आणि मोजमाप वहीत लिहून ठेवले आहे.