पाईमधले डबल्स

गुरुवार, पाई

उत्तर थायलंडमधल्या चिआंग माईहून पाईला येणाऱ्या १०९५ नंबरच्या रस्त्यावर ७६२ वळणं आहेत. इथे टी-शर्टवरसुद्धा तो आकडा छापून विकतात. ताईने ती सगळी वळणं डोळे मिटून, लिंबू हुंगत काढली आणि रात्री नुसती भाताची पेज घेतली. आज मात्र सकाळपासून तिची भूक खवळलेली.

पाईत जमैकाचा गायक बॉब मार्ले गल्लोगल्ली आहे. लाल-पिवळे-हिरवे पट्टे, बांबूचा बार, भिंतीवर त्याचा फोटो, आणि खायला फ्राइड राइस. त्यामुळे ‘कॅरिबियन’ अशी पाटी दिसली तेव्हा मी नाक मुरडलं. ताई म्हणाली, "अगं, चण्यांना फोडणी बसलीय कुठेतरी. चल!" याबाबतीत ताईचं नाक चुकत नाही.

पत्र्याचं छप्पर, मोजकी टेबलं, दारातच कढई. चालवणाऱ्या बाई त्रिनिदाद या कॅरिबियन बेटावरच्या, नवरा इथलाच. हळद घातलेलं, यीस्टने फुगलेलं मैद्याचं सैल पीठ त्या तेलाच्या हाताने तळव्यावर थापतात आणि अलगद तेलात सोडतात. फुगलं की लगेच उलटायचं, लगेच काढायचं. कडक झालं तर वाया. काढलेले ‘बारा’ कापडाखाली झाकून वाफेवर मऊ होऊ देतात. मग दोन बारांवर कालवणाचे चणे, चिंचेची चटणी, काकडीचा कीस आणि तिखट. हे झाले डबल्स. शेजारच्या टेबलावरचा गोरा पोरगा काटा-चमच्याने खात होता, त्याची कीव आली.

‘आपलंच की हे!’ असं म्हणायचा मोह होतो. पण ते तितकंसं खरं नाही. ३० मे १८४५ ला ‘फातेल रझाक’ जहाज पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर, घेऊन त्रिनिदादला लागलं, १९१७ पर्यंत ही भरती चालली, आणि त्यातली बहुतेक माणसं भोजपुरी मुलखातली, कोलकात्याहून बोटीत चढलेली. आपली माणसं गेली ती मॉरिशसला. शिवाय डबल्स तिकडेच जन्मले, १९३०च्या दशकात. तेव्हा हक्क सांगू नये, गुमान खावं.

मला खरी गंमत वाटली ती हिरव्या चटणीची. त्रिनिदादमध्ये जिच्यावाचून पान हलत नाही ती ‘शॅडो बेनी’ म्हणजे करवतीसारख्या कडांचं लांबट पान, वास कोथिंबिरीचाच पण कितीतरी उग्र. बाईंना ती मागवावी लागत नाही. पाईच्या सकाळच्या बाजारात तिच्या जुड्या पडलेल्या असतात, थाई लोक सूपमध्ये घालतात. मुळात अमेरिका खंडातलं हे झाड, मिरचीही तिकडचीच. नारळाचं दूध, चिंच, आलं, कच्ची केळी सगळं हाताशी. अडतं ते स्कॉच बॉनेट मिरचीपाशी. बाई इथल्या बारक्या मिरच्या वापरतात. म्हणाल्या, जाळ होतो, पण स्कॉच बॉनेटचा फळासारखा सुगंध येत नाही.

जर्क चिकन, म्हणजे तिखट मसाला चोळून भाजलेलं कोंबडं, यथातथाच. ते मुळात जमैकाचं, तेही ऑलस्पाइसच्या झाडाच्या लाकडावर धुरी देऊन भाजायचं. ते लाकूड इथे कुठून आणणार? कोळशावर होतं ते चांगलं भाजलेलं कोंबडं, बस. पर्यटक मागतात म्हणून ठेवते, असं बाईंनीच सांगितलं.

त्यापेक्षा सॉरेल मागवावं. ग्लास आला आणि ताई ओरडलीच, "ही तर लाल अंबाडी!" बोंडांच्या लाल पाकळ्या लवंग, दालचिनी, आलं घालून उकळायच्या, रात्रभर मुरवायच्या, गाळून साखर घालायची. त्रिनिदादमध्ये हे नाताळचं पेय, थायलंडमध्ये अंबाडीचं साधं सरबत बाराही महिने. आपण तिच्या पानांची भाजी करतो, वर लसणाची फोडणी. ती कृती ताईने बाईंना तिथेच सांगून टाकली. बाईंनी चण्यांच्या कालवणातली एक गोष्ट बदल्यात सांगितली : मसाला आधी पाण्यात कालवायचा, मग तेलात सोडायचा, म्हणजे करपत नाही.

दालपुरी फक्त रविवारी. वाटलेली डाळ भरून लाटलेली पोळी, जिऱ्याची, तिखटमिठाची. आमच्या परतीच्या गाडीचं तिकीट शनिवारचं आहे, आणि ताई मघापासून ते बदलून मिळतं का याची चौकशी करतेय.