तुम्ही विचारलंत म्हणून: तुमचं दोघींचं अजून पटतं कसं?

हा प्रश्न मला गेली पाच-सहा वर्षं सतत येतो. आम्हा दोघींना ओळखणारी माणसं विचारतात, आणि शक्यतो माझी मैत्रीण खोलीत नसताना विचारतात. मी डेमोक्रॅट, ती रिपब्लिकन. दोघीही नुसत्या मत देऊन गप्प बसणाऱ्या नाही, ती निवडणुकीच्या दिवसांत दारोदार फिरते आणि मी संध्याकाळी बसून मतदारांना फोन करते. कॉलेजपासूनची मैत्री, दोघी लग्न होऊन अमेरिकेत आलो, दोघी इथल्या नागरिक झालो आणि दोन वेगळ्या पक्षांत गेलो. आणि तिचा मुलगा पोलिसात आहे. त्यामुळे लोक विचारतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं की २०२० नंतरसुद्धा?

तर खरं सांगते, पटत नाही. पण आम्ही बोलतो, दर रविवारी, आणि मधल्या काळात एकदा बोलणं पूर्ण बंदही झालं होतं, ते आधी सांगायला हवं.

२५ मे २०२० ला मिनीॲपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय माणूस पोलिसांच्या हातून गेला. पोलिसाचा गुडघा त्याच्या मानेवर ९ मिनिटं २९ सेकंद होता, तो व्हिडिओ मी पूर्ण पाहिला, आणि त्याच आठवड्यात माझ्या मुलाने मला एक गोष्ट सांगितली जी त्याने सात महिने सांगितली नव्हती. तो तेव्हा १९ वर्षांचा होता, रात्री कॉलेजवरून गाडी चालवत येताना त्याला पोलिसांनी थांबवलं, हात स्टिअरिंगवर ठेवायला लावले, गाडीत काय आहे, कुठून आलास, ही गाडी कोणाची, असं वीस-पंचवीस मिनिटं चाललं आणि मग जा म्हणाले. दंडाची पावती नाही, वॉर्निंग नाही, का थांबवलं तेही नाही. काही झालं नाही म्हणा, पण तो सांगताना स्वतःच्या हातांकडे बघत होता आणि मला ते अजून दिसतं.

मी त्या रात्री फेसबुकवर "डिफंड द पोलीस" लिहिलं, म्हणजे पोलिसांचा पैसा काढून घ्या. सकाळी तिचा फोन. "अगं, तू माझ्या पोराच्या नोकरीबद्दल लिहितेयस, कळतंय का तुला?" मी म्हटलं, मी तुझ्या मुलाबद्दल बोलतच नाहीये. ती म्हणाली, मग कोणाबद्दल बोलतेयस? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी आवाज चढवला, तिनेही चढवला, आणि पुढचे सात आठवडे आम्ही बोललो नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

फोन तिनेच केला. माझ्या मुलाबद्दल तिला तिच्या मुलाकडून कळलं होतं, ती मुलं आपसात बोलतात. मला वाटलं आता समजूत काढेल, पण तिने चौकशी सुरू केली, एकेक प्रश्न. पोलीस कुठल्या बाजूने आला? दुसरा होता का? लायसन्स आधी मागितलं की प्रश्न आधी? गाडीची झडती घेतली का, घेण्याआधी विचारलं का? मी मुलाला बोलावून फोन त्याच्याच हातात दिला. सगळं ऐकून ती म्हणाली, "हे चुकलं. कारण सांगायला हवं होतं, पहिल्या मिनिटात." तिने "पण" लावलं नाही, पोलिसांना किती ताण असतो हे त्या दिवशी काढलं नाही. ते नंतर काढलं, भरपूर काढलं, पण त्या दिवशी नाही.

मग तिची पाळी होती. तिने विचारलं, डिफंड म्हणजे नक्की किती पैसे काढायचे, कुठून काढायचे आणि कुठे घालायचे, मला आकड्यात सांग. मला सांगता येईना. मी चिडले, पण वाचायला बसले, आणि वाचल्यावर कळलं की त्या शब्दाखाली दहा लोकांच्या मनात दहा वेगळ्या गोष्टी होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये खुद्द मिनीॲपोलिसच्या मतदारांपुढे प्रश्न आला, की पोलीस खातं काढून त्या जागी सार्वजनिक सुरक्षेचं नवं खातं आणायचं का, आणि साधारण ५६ टक्के लोक नाही म्हणाले. ज्या शहरात हे घडलं त्या शहरात. हे तिला मीच फोन करून सांगितलं, कारण तिला दुसऱ्याकडून कळलं असतं तर मला ते लपवल्यासारखं वाटलं असतं.

तिचंही एक लाडकं वाक्य होतं, "एखादा नासका आंबा सगळीकडेच असतो." मी म्हटलं, बाई म्हण पूर्ण कर, एक नासका आंबा अख्खी अढी नासवतो. आणि मग क्लीव्हलँडचं सांगितलं. २०१४ मध्ये टमीर राइस नावाचा १२ वर्षांचा मुलगा खेळण्यातलं पिस्तूल घेऊन बागेत होता, पोलिसाने गाडीतून उतरता उतरता गोळी घातली. त्या पोलिसाला आधीच्या, दुसऱ्या गावच्या खात्यातल्या वरिष्ठांनी या कामाला नालायक ठरवलं होतं, तो तिथून राजीनामा देऊन आला आणि क्लीव्हलँडने नोकरी देताना ती फाइल बघितलीच नाही. अमेरिकेत पोलीस खाती साधारण १८ हजार आहेत, एकातून निघालेला दुसऱ्यात सहज लागू शकतो. यावर ती म्हणाली, "आणि अशा माणसाच्या शेजारी माझा मुलगा गस्तीच्या गाडीत बसतो." हे मला सुचलंच नव्हतं. मी या गोष्टीकडे फक्त रस्त्यावरच्या माणसाच्या बाजूने बघत होते.

तर चुकलेल्या पोलिसांची देशभराची एक नोंद हवी, यावर आमचं एकमत झालं. पहिलं एकमत! आणि गंमत नाही, दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांनी हे म्हटलं होतं. ट्रंपनी जून २०२० च्या आदेशात अशा डेटाबेसचा उल्लेख केला, बायडननी मे २०२२ च्या आदेशात केला, डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय पोलिसांपुरता तो सुरूही झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रंप परत आल्यावर बायडनचा आदेश रद्द झाला, त्याबरोबर डेटाबेसही बंद. त्या आठवड्यात ती माझ्यापेक्षा जास्त चिडली होती. तिने मत ट्रंपनाच दिलं होतं आणि तिने तिच्या खासदाराला त्याबद्दल लिहिलंही. लोक मला म्हणतात तिची बाजू आंधळी आहे, तेव्हा मला हे आठवतं.

जिथे आमचं जमत नाही ती गोष्ट क्वालिफाइड इम्युनिटी, म्हणजे दाव्यांपासून पोलिसांना मिळणारी ढाल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: राज्याच्या किंवा शहराच्या सरकारी माणसाने तुमच्या घटनादत्त हक्कांचा भंग केला तर १८७१ च्या एका कायद्याखाली त्याच्यावर दिवाणी दावा लावता येतो. पण सुप्रीम कोर्टाने १९६७ पासून आणि विशेषतः १९८२ पासून असं ठरवत आणलं, की तो हक्क आधीच "स्पष्टपणे प्रस्थापित" असेल तरच दावा चालेल, म्हणजे साधारण तशाच घटनेत आधी कुठल्या तरी कोर्टाने हे चूक म्हटलेलं हवं. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोमध्ये झडतीच्या वेळी पोलिसांनी सव्वादोन लाख डॉलरच्या आसपास रोकड आणि दुर्मीळ नाणी चोरल्याचा आरोप होता, २०१९ मध्ये अपील कोर्ट म्हणालं, झडतीत जप्त केलेला माल चोरणं हे घटनेच्या चौथ्या दुरुस्तीचा (ती गैरवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण देते) भंग आहे हे तेव्हा स्पष्टपणे प्रस्थापित नव्हतं, म्हणून दावा चालणार नाही. हे मी तिला वाचून दाखवलं, ती म्हणाली हे भयंकर आहे. पण तत्त्व सोडायला तयार नाही.

तिचं म्हणणं मी मांडते, तिने हे वाचून "हो, असंच" म्हटलंय. तिचा मुलगा २४ वर्षांचा असताना रात्री दोन वाजता अनोळखी घरात शिरायचा, निर्णय घ्यायला सेकंद मिळायचा, नंतर वकील त्याच सेकंदावर तीन वर्षं बसणार, आणि घरदार पणाला लागणार असेल तर शहाणी मुलं या नोकरीत येणार नाहीत, जी येतील ती आपल्याला नको असलेली असतील. मी म्हटलं, पण पैसे पोलीस भरतच नाही. २०१४ मध्ये एक अभ्यास आला होता, मोठ्या खात्यांमधल्या भरपाईच्या रकमांपैकी ९९.९८ टक्के सरकारांनी भरल्या. फ्लॉइडच्या घरच्यांना २ कोटी ७० लाख डॉलर मिनीॲपोलिस शहराने दिले. मला वाटलं आता बोलती बंद. ती म्हणाली, "मग सगळं शहरच भरतंय तर इम्युनिटी काढून तुला मिळणार काय?" आणि हा प्रश्न चांगला आहे. माझं उत्तर असं, की २००९ पासून कोर्टाला हक्काचा भंग झाला की नाही हे न ठरवताच केस काढून टाकता येते. म्हणजे घरच्यांना उत्तरच मिळत नाही, आणि पुढच्यासाठी काही प्रस्थापितही होत नाही. मला पोलिसाचं घर नकोय, मला कोर्टाने हे चूक होतं म्हणायला हवंय, जसं तिने फोनवर म्हटलं होतं. मी तिला कोलोरॅडोचा २०२० चा कायदा दाखवला, तिथे राज्याच्या कोर्टात ही ढाल चालत नाही, पण पोलिसाने सद्भावनेने काम केलं नसेल तरच त्याच्यावर स्वतःचा बोजा, तोही भरपाईच्या ५ टक्के किंवा २५ हजार डॉलर, जे कमी ते. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली विचार करते. अजून करतेय.

आमच्यापेक्षा मोठी माणसं याच जागी अडली, हे मला सारखं आठवतं. सिनेटर टिम स्कॉट, रिपब्लिकन, आणि सिनेटर कोरी बुकर, डेमोक्रॅट, दोघेही कृष्णवर्णीय. स्कॉटनी २०१६ मध्ये सिनेटमध्ये उभं राहून सांगितलं होतं की निवडून आलेला माणूस असूनही एका वर्षात पोलिसांनी त्यांना सात वेळा थांबवलं. जून २०२० मध्ये त्यांचं स्वतःचं पोलीस सुधारणेचं बिल डेमोक्रॅटनी अडवलं, ५५ विरुद्ध ४५, चर्चा सुरू करायला मतं लागत होती ६०. माझ्या पक्षाने तेव्हा निदान चर्चा तरी सुरू होऊ द्यायला हवी होती असं मला आज वाटतं, हे लिहिल्याबद्दल मला माझ्याच बाजूचे लोक बोलतील. मार्च २०२१ मध्ये फ्लॉइडच्या नावाचं पोलीस सुधारणेचं बिल हाउसमध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, २२० विरुद्ध २१२ ने पास झालं, मग स्कॉट, बुकर आणि हाउसमधल्या कॅरन बास महिनोन्महिने बसले, आणि सप्टेंबरमध्ये बोलणी मोडली, मोठा अडसर इम्युनिटीचाच. पण मार्च २०२२ मध्ये लिंचिंगविरोधी कायदा झाला, शंभरएक वर्षं रखडलेला, तेव्हा सिनेटमध्ये ते बिल पुढे नेणाऱ्यांत स्कॉट आणि बुकर दोघंही होते.

एका मुलीने मला विचारलं होतं, मावशी, ही मैत्री म्हणजे ज्यांना झळ लागत नाही त्यांची चैन नाही का? तो प्रश्न मी कित्येक दिवस डोक्यात घेऊन फिरले. मला एवढंच कळतं की माझ्या मुलाचं ऐकून ती "त्यानेच काहीतरी केलं असेल" म्हणाली असती तर मी आज तिच्याशी बोलत नसते, आणि त्यात मला काही चूकही वाटली नसती. असं म्हणणारी जवळची माणसं आहेत, त्यांच्याशी मी बोलत नाही. त्यामुळे सगळ्यांनी सगळ्यांशी बोलत राहावं असं मी कुणाला सांगणार नाही.

गेल्या महिन्यात तिने मला एक लिंक पाठवली, वर फक्त "बघ". कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून कायदा आहे, गाडी थांबवल्यावर पोलिसाने बाकी प्रश्न विचारायच्या आधी थांबवण्याचं कारण सांगायचं. आमच्या राज्यात तो नाही. आता आम्ही दोघी मिळून एक पत्र लिहितोय, ती तिच्या पक्षाच्या आमदाराला देणार, मी माझ्या. माझा पहिला अख्खा परिच्छेद तिने उडवला, फार लांबड लावली होतीस म्हणाली, आणि ते बरोबर होतं. पण कॅलिफोर्नियाच्या कायद्यात एक अपवाद आहे, जिवाला किंवा मालमत्तेला तातडीचा धोका वाटला तर पोलीस कारण न सांगता पुढे जाऊ शकतो. ती म्हणते अपवाद जसाच्या तसा घ्यायचा. मी म्हणते मालमत्ता काढ, आणि अपवाद वापरला तर त्याने तो का वापरला हे लेखी नोंदवायचं असं घाल. लेखी नोंदवणं तिला मान्य आहे, मालमत्ता काढायला तयार नाही. तीन रविवार त्या एका शब्दावर गेलेत. तिने मुलाला विचारून येते म्हटलंय, मी माझ्या मुलाला विचारलंय, आणि परवा परत फोन आहे.