आमची वाटचाल: रिवाइंडिंगच्या दुकानातून सायकलच्या चाकात

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं मूळ दुकान मोटर रिवाइंडिंगचं. वडिलांनी सुरू केलेलं. शेतीपंपाच्या जळलेल्या मोटरी यायच्या. जुनं तांबं काढायचं, नवं भरायचं, वॉर्निश मारून भट्टीत सुकवायचं. उन्हाळ्यात जेवायला फुरसत नाही आणि पावसाळ्यात माश्या मारायच्या, असा हा हंगामी धंदा. त्या रिकाम्या महिन्यांत हाताला काहीतरी काम हवं, एवढ्याच विचाराने २०१७ साली आम्ही सायकलच्या मोटरीत हात घातला. पर्यावरण, हरित वगैरे शब्द आमच्या माहितीपत्रकात नंतर आले, तेही छापणाऱ्याने सुचवले म्हणून.

गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागलं नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत, मशीनशॉपमध्ये जाणारे कितीतरी कामगार अजून सायकलवर आहेत. जाऊन-येऊन पंधरा-वीस किलोमीटर. काळी, दांडीची, चोवीस इंची फ्रेमची सायकल, कॅरिअरला डबा. आमच्याकडे आलेल्या पहिल्या काही जणांपैकी एका मोल्डरचं म्हणणं अजून लक्षात आहे: "मालक, जाताना काय वाटत न्हाई. सुटल्यावर पाय भरून येत्यात." हिशेबही तेच सांगतो. सपाट रस्त्यावर ताशी वीसच्या वेगाने अशी सायकल रेटायला साधारण १०० वॅट लागतात. धडधाकट माणूस सकाळी तेवढे तासभर देतो. आठ तास भट्टीसमोर उभं राहिल्यावर देऊ शकत नाही, आणि समोरून वारा असला तर नाहीच. त्यातले साठ-सत्तर वॅट मोटरने उचलले की झालं. त्याला काही रेस लावायची नव्हती.

तेव्हा बरेच जण खोक्यात भरून किट विकत होते: मोटर बसवलेलं चाक, मोटरला वीज किती सोडायची ते ठरवणारा कंट्रोलर, वायरी, एक कागद, आणि बाकी तुमचं तुम्ही बघा. आम्ही मात्र पहिल्यापासून ठरवलं की किट विकायचं नाही, सायकल करून द्यायची. कारण खोक्यातलं चाक बनतं ज्या सायकलींसाठी, त्या आमच्या गिऱ्हाइकाकडे नसतात. जुन्या सायकलच्या पुढच्या रिमला भोकं ३२, मागच्या रिमला ४०, आणि मोटर येते ३६ ची. पुढचा एक्सल बारीक, मोटरचा एक्सल १२ मिलिमीटरचा, दोन बाजूंनी तासून १० वर आणलेला. तो चिमट्याच्या, म्हणजे चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या फोर्कच्या, खाचेत बसतच नाही. मोटर रुंद, म्हणून चिमटाही थोडा फाकवावा लागतो. हे घरी पान्याने करायचं काम नाही.

फिटिंग आमच्याकडे अशी होते. सायकल आली की आमचे मिस्त्रीमामा आधी चिमटा उतरवून चिंधीने पुसतात आणि नळ्यांच्या मुळाशी, जिथे जोड असतो तिथे, नखाने चाचपतात. रंगाला केसाएवढी चीर दिसली तर तो चिमटा भंगारात. ॲल्युमिनियमचा चिमटा असेल तर मोटर मागच्या चाकात, हा नियम. मग खाच कानशीने घासायची, पण खोली वाढवायची नाही, फक्त रुंदी. दोन्ही बाजू समांतर राहिल्या पाहिजेत. मामा मध्ये मध्ये एक्सलचा तुकडा घालून बघतात. सैल झाला तर काम वाया गेलं. मोटर फिरायला लागते तेव्हा चाकाला जेवढा जोर पुढे लागतो तेवढाच एक्सलला उलट्या दिशेने लागतो. नट ढिला असेल तर एक्सल खाचेतच गर्रकन फिरतो, वायर पिळून तुटते आणि चाक बाहेर येऊ शकतं. म्हणून एक्सलवर सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्टीचा हात बसवतो, त्याला टॉर्क आर्म म्हणतात. त्याचं दुसरं टोक चिमट्याला क्लॅम्पने आवळायचं. बाहेरून येणाऱ्या पट्ट्या पातळ आणि भोकाला ढिल्या निघाल्या. आमच्या गल्लीत वायरकटवाले आहेत, त्यांच्याकडून माप धरून कापून घेतल्या. उद्यमनगरात दुकान असण्याचा फायदा तो हाच. असला जॉब दुपारी दिला तर संध्याकाळी हातात.

ब्रेकचं त्रांगडं वेगळंच होतं. ब्रेक दाबल्याबरोबर मोटरचा करंट तुटला पाहिजे, त्यासाठी किटमध्ये तारेच्या ब्रेकचे खास लिव्हर येतात. आमच्या सायकलींना सळईचे ब्रेक. ते काढून फेकायचे तर गिऱ्हाईक नाराज आणि खर्च वाढतो. शेवटी मोटरसायकलच्या मागच्या ब्रेकला दिवा लागण्यासाठी जो स्प्रिंगचा स्विच असतो, तो सळईला बांधला. सळई ओढली की स्विच लागतो आणि कंट्रोलर मोटर बंद करतो. स्वस्त, पाण्याला दाद न देणारा, आणि कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळणारा. आमच्या सगळ्या कामात मला स्वतःला आवडलेली युक्ती हीच.

बॅटरीवर आम्ही सर्वात जास्त पैसा आणि डोकं घातलं. सुरुवातीला १२ व्होल्टच्या तीन शिशाच्या बॅटऱ्या लावायचो. तिन्ही मिळून १२ किलो. कॅरिअरवर एवढं वजन, त्यावर डबा, आणि दीड वर्षात बॅटऱ्या खलास. मग लिथियम. त्यातही हलक्या जातीचे सेल सोडून लिथियम आयर्न फॉस्फेट घेतले. बारा सेल एका ओळीत, ३८.४ व्होल्ट, १० अँपिअर-अवर. वजन थोडं जास्त, पण उष्णता सोसतात आणि जास्त वर्षं टिकतात. आमचं गिऱ्हाईक दोन खोल्यांत राहतं, चार्जर पलंगाजवळच्या बोर्डाला लागतो. तिथे दोन किलो वाचवण्यात अर्थ नव्हता. जुन्या लॅपटॉपचे सेल जोडून निम्म्या किमतीत बॅटरी बनवून द्या म्हणणारे आजही येतात. त्यांना चहा पाजतो आणि नाही म्हणतो.

एका पुरवठादाराच्या मालावर १० अँपिअर-अवर लिहिलेलं असे आणि आत भरायचं सात. तेव्हापासून प्रत्येक बॅटरी आम्ही टेबलावर उतरवून, म्हणजे चार्ज संपेपर्यंत चालवून, बघतो. मोटरसायकलच्या हेडलाइटचे ३५ वॅटचे तीन बल्ब एका ओळीत जोडले की साधारण तीन अँपिअर करंट खातात. बॅटरी पूर्ण चार्ज करायची, बल्ब लावायचे, भिंतीवरच्या घड्याळाची वेळ खडूने लिहायची. सव्वातीन तासांच्या पुढे उजेड राहिला तर माल पास. गिऱ्हाइकाला हे बघायला बसवतो. मीटरच्या आकड्यापेक्षा त्याला बल्ब पटतो.

कायद्याची बाजू सोपी आहे, पण रोज सांगावी लागते. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ च्या आत असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ते मोटार वाहन धरलं जात नाही. नोंदणी नाही, लायसन्स नाही. त्याच्या पुढे गेलात की ती सायकल राहिली नाही. बहुतेक कंट्रोलरमध्ये वेग बांधणारी एक वायर बाहेरच असते आणि ती काय करायची हे पोरं मोबाइलवर बघून येतात. आम्ही ती आत घेऊन स्लीव्ह चढवून बंद करतो. ५०० वॅटची मोटर लावून मिळणार नाही, हे दुकानात पाटीवरच लिहिलंय.

"पन्हाळा चढेल का?" हा कोल्हापुरी प्रश्न. पायडल न मारता, नाही. बॅटरी पुरेल, पण मोटर पुरणार नाही. चढाला वेग पडला की मोटर पूर्ण करंट ओढते, आणि त्यातली अर्धीअधिक वीज नुसती तापण्यात जाते. आतली नायलॉनची गिअरचाकं मऊ पडतात, दात जातात. व्होल्टेज पडल्यावर शेतीपंपाची मोटर जळते ती अशीच जास्त करंटने, वाइंडिंगवाल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. राजारामपुरीतून विद्यापीठाकडचा चढ मात्र ती आरामात काढते, तुम्ही पाय हलवत ठेवलेत तर.

पैशाचं गणित कामगारांनीच सोडवलं. वीस हजारांच्या आसपासचं काम, एकरकमी कोण देणार? २०१९ च्या ऑगस्टात विजेच्या वाहनांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण सुटी मोटर आणि बॅटरी १८ टक्क्यांतच राहिली, म्हणजे जुनी सायकल सुधारून घेणाऱ्याला सवलत काही नाही. मग शिरोलीतल्या एका मशीनशॉपमधल्या पोरांनी भिशी लावली. दर महिन्याला ज्याचा नंबर लागेल त्याची सायकल आमच्याकडे. पुढे इतर शॉपमध्येही भिश्या निघाल्या. आम्हाला पैसे रोख, त्यांना व्याज नाही. एवढी साधी योजना आम्हाला सुचली नव्हती.

त्याच ऑगस्टात महापूर आला. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, शहराचा रस्ता तुटला, आणि पाणी ओसरल्यावर दुकानासमोर चिखलाने भरलेल्या सायकलींची रांग. चाकातली ही मोटर (हब मोटर) पावसाचं पाणी सोसते, बुडून राहणं सोसत नाही. एक्सलमधून वायर आत जाते तिथून पाणी शिरतं. झाकण उघडलं की आत ग्रीसचा राखाडी लगदा. धुतलं, भट्टीत हलक्या आचेवर सुकवलं, गंजलेले सेन्सर बदलले. रिवाइंडिंगची ती जुनी भट्टी विकायची असं ठरत आलेलं होतं, ते राहून गेलं. जुलै २०२१ च्या पुराच्या वेळी लोक शहाणे झाले होते. बऱ्याच जणांनी मोटरचं चाक आणि बॅटरी आधीच माळ्यावर चढवली.

गिऱ्हाइकं गेलीही. कोणी जुनी मोटरसायकल घेतली, कोणी तयार ई-सायकल, कोणी हप्त्यावर विजेची स्कूटर. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. उलट ॲटलस सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद पडला, तेव्हापासून जुनी ॲटलस जपणारे जास्त हट्टी झालेत आणि ते आमच्याकडेच येतात.

सध्या नवं काम आहे ते परत येणाऱ्या बॅटऱ्यांचं. सुरुवातीच्या फॉस्फेट बॅटऱ्यांची क्षमता आता साठ-सत्तर टक्क्यांवर आली आहे. कागलला जाणाऱ्याला ती पुरत नाही, पण शहरातल्या शहरात आठ-दहा किलोमीटर फिरणाऱ्याला भरपूर झाली. ती लांब जाणाऱ्याकडून ठरल्या भावाने परत घेतो, बल्बवर उतरवतो, जितके तास जळले तितके झाकणावर लिहितो आणि कमी अंतरवाल्याला त्या हिशेबाने कमी किमतीत देतो. जी तेवढ्यालाही चालत नाही ती अधिकृत रिसायकलवाल्याकडे. भंगारवाल्याला, त्याने कितीही भाव दिला तरी, नाही.