नैवेद्य बाधला

आज दिवसभर एकच गोष्ट मनातून जात नाही आणि ती इतकी क्षुल्लक आहे, की कोणाला बोलून दाखवायचीही लाज वाटावी. परवा मध्यरात्री, तिसऱ्या की चौथ्या उलटीनंतर, आमचा कुत्रा ब्रूनो माझ्या मांडीवरून उठला, लाळेने भरलेले तोंड त्याने माझ्या गाऊनला पुसले आणि लटपटत जाऊन अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पायांशी अंग टाकले. ज्यांनी खाऊ घातले त्यांच्याकडे तो गेला आणि जी निस्तरत होती ती फडके आणि बादली घेऊन जागच्या जागी बसून राहिली. घडले ते एवढेच. तेव्हापासून मी घरात सगळ्यांशी जरा तुटक बोलते आहे आणि कारण विचारले की कंबर दुखते असे सांगते.

ब्रूनो हे दवाखान्याच्या फाइलवरचे नाव. अण्णा त्याला पहिल्या दिवसापासून वाघ्या म्हणतात. दोन्ही हाकांना तो येतो. कोणत्या हाकेला आधी येईल, हे हाक मारणाऱ्याच्या हातात काय आहे यावर ठरते, अशी माझी आजवरची समजूत होती.

परवा चंपाषष्ठी होती. आई होत्या तोवर भरीत त्यांच्याच हातचे असायचे आणि आता ते अण्णा करतात, त्याविषयी घरात कोणी काही बोलत नाही. त्यांनी स्वतः गॅसवर वांगी भाजली, पातीच्या कांद्याची जुडी चिरली, लसूण ठेचला, वर कच्च्या तेलाची सढळ धार सोडली. चातुर्मासभर बंद असलेला कांदा आणि वांगे त्या दिवशी घरात एकदम शिरतात, तेव्हा कोणाचाच हात आखडता राहत नाही. तळी उचलली, येळकोट झाला, खोबरे-भंडारा झाला आणि देवाच्या नैवेद्यानंतर अण्णांनी दुसरी पत्रावळ वाढली ती कुत्र्यासाठी. खंडोबाचा कुत्रा म्हणून षष्ठीला कुत्र्याला वाढण्याची रीत आहे आणि अण्णांनी ती गावाकडे जन्मभर पाहिली आहे. फरक एवढाच, की तिकडे दाराशी चार कुत्री येतात आणि एकेका घासावर समाधान मानून पुढच्या दाराशी जातात. इथे दार बंद, लिफ्ट चालू आणि कुत्रा एकच, तोही लॅब्रेडॉर. मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत रोडगे, भरीत, खोबऱ्याचे तुकडे असे सगळे संपून पत्रावळ चाटून लख्ख झाली होती आणि कपाळावर भंडारा लावलेला तो प्राणी अण्णांकडे कृतज्ञतेने पाहत होता.

फ्रिजवर यादी लावलेली आहे. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली च्युइंगगम, शिजलेली हाडे. अण्णांना चष्म्याशिवाय वाचता यावी म्हणून मी ती मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिली आणि ती त्यांना पाठ आहे. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे ते स्वतः वेचून बाजूला काढतात. त्यामुळे यादीकडे बोट दाखवून मी काही म्हणणार, तोच ते शांतपणे म्हणाले, "अगं, ती यादी आपल्या जेवणाची. हा देवाचा नैवेद्य." यावर कोणत्याही पशुवैद्यकाला उत्तर देता येणार नाही. मलाही आले नाही.

रात्री अकराच्या सुमारास त्याने गवत शोधावे तसे गालिच्यावर नाक घासायला सुरुवात केली, मग ओठ चाटणे, लाळ गळणे आणि पोट आत ओढून घेणारे ते उमासे. पहिल्या उलटीत सगळी पत्रावळच होती. हा प्राणी चावत नाही, गिळतो. त्यामुळे कांद्याची पात अण्णांनी चिरली होती तशीच, त्याच मापाच्या हिरव्या चकत्यांत, रोडग्याच्या गोळ्याभोवती चिकटून बाहेर आली. नंतरच्या उलट्यांत नुसता पिवळा फेस होता. तो पिवळा रंग पित्ताचा आहे, की पंजावर सांडलेला भंडारा चाटल्यामुळे आला आहे, हे मला टॉर्चच्या उजेडातही ठरवता येईना आणि त्या क्षणी हसू आले असते तर बरे झाले असते.

अण्णा म्हणाले, मिठाचे पाणी पाज, उरलेसुरले पडून जाईल. मी त्यांच्या हातातून तांब्या जवळजवळ ओढूनच घेतला, कारण मिठाने कुत्र्याच्या रक्तातले सोडियम वाढते आणि मग कांदा परवडला म्हणण्याची वेळ येते. खालच्या मजल्यावरून माणसांची उलटीची गोळी आली, तीही बाजूला ठेवली. मी त्याचा ओठ उचलून हिरडी अंगठ्याने दाबली, पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी होते का ते पाहिले. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती झरकन जागेवर बसते का ते पाहिले. आणि शेवटी, त्याला अजिबात न आवडणाऱ्या पद्धतीने, ताप पाहिला. एकशे दोन होता. कुत्र्यांचे अंग मुळातच आपल्याहून गरम असते, तेव्हा त्यात काळजीचे काही नव्हते.

डॉक्टरांनी फोन उचलला हे आमचे भाग्य. पोट ढोलासारखे फुगले आहे का, उमासे येऊनही काहीच पडत नाही असे होते का, हे त्यांनी सर्वांत आधी विचारले, कारण तसे असते तर पोटाला पीळ पडल्याची शंका घेऊन त्याच मिनिटाला निघावे लागले असते. मग विचारले, पुढचे पाय पसरून मागचा भाग उंच ठेवतो का. शेजारून अण्णा म्हणाले, "नमस्कार घालतो तसा? नाही, नाही." तेलकट खाण्याने स्वादुपिंडाला सूज आली, की कुत्रे दुखणारे पोट तसे ताणून धरतात, हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितले; त्या रात्री सांगण्यासारखे नव्हते. रात्रभर खायला काही नाही, पाणी चमच्याने, आणि उलट्या थांबल्या नाहीत किंवा रक्त दिसले तर थेट या, एवढ्यावर फोन संपला. सकाळी दवाखान्यात उलटी थांबण्याचे इंजेक्शन आणि कातडीखाली सलाईन झाले. तिथेही टेबलावर चढवताना त्याने मान वळवून अण्णा कुठे आहेत ते पाहिले. हे मी लिहिणार नव्हते.

कांद्याबद्दल डॉक्टर एक वाक्य बोलले ते डोक्यात राहिले आहे: उलटीचे आज कळते, कांद्याचे चार दिवसांनी. कांद्या-लसणातली द्रव्ये कुत्र्याच्या लाल रक्तपेशींवर मारा करतात, त्या फुटू लागतात, आणि हे सगळे निमूटपणे होत असते. भाजल्या-शिजवल्यानेही त्यांचा जोर जात नाही. म्हणून हिरड्या फिकट पडतात का, लघवी चहाच्या रंगाची होते का, थोडे चालूनही धाप लागते का, याच्यावर लक्ष ठेवायचे आणि सोमवारी रक्त तपासायचे. मी रात्री हिशेब मांडून पाहिला. वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक कांदा पोटात गेला तर धोका धरतात. हा 28 किलोचा आहे, म्हणजे 140 ग्रॅम. अख्ख्या घराच्या भरतात एक जुडी, त्यातला त्याच्या पत्रावळीवरचा वाटा फार तर मूठभर, आणि त्यातलाही बराचसा माझ्या बादलीत. लसूण कांद्याहून जहाल असतो, पण तो चार पाकळ्याच होता. हिशेब दर वेळी बरोबर येतो आणि तरी मी तो पुन्हा मांडते.

खरे म्हणजे हिशेब मांडणे हेच या घरातले माझे काम होऊन बसले आहे. सकाळचे डॉगफूड वाटीने मोजायचे मी, जंताच्या गोळीची तारीख लक्षात ठेवायची मी, वजन वाढले की दवाखान्यात बोलणी खायची मी. पोळीच्या तुकड्यासाठी त्याने डोळे केविलवाणे केले की "नाही" म्हणायचे तेही मी. अण्णा फक्त देतात. मुलांच्या वेळीही असेच होते. पण मुले मोठी होऊन कधीतरी हिशेब समजून घेतात आणि कुत्रा घेत नाही, त्यामुळे इथे माझी बाजू कायमचीच पडती आहे. पहाटे तीन वाजता, फिनेलच्या वासात, मला हे सगळे फार अन्यायाचे वाटले. उंबरठ्याशी बसून मी थोडी रडलेही, पण त्याला इतर कारणेही असतील.

मग मी मनाची समजूत घालायला एक शास्त्रीय आधार काढला. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखवून दिले आहे, की जवळपास चौथा हिस्सा लॅब्रेडॉरांमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि असे कुत्रे खाण्यामागे अधिक लागतात. म्हणजे आमचे चिरंजीव त्यांतले असले, तर ते प्रेमाने अण्णांकडे जात नसून जनुकामुळे जातात, इतके ते सोपे. या विचाराने मला सुमारे दहा मिनिटे बरे वाटले. नंतर लक्षात आले, की परवा रात्री त्याला अन्नाच्या वासानेही उमासा येत होता आणि अण्णांचे हात रिकामे होते. भुकेचे जनुक त्या वेळी झोपलेले होते. तरी तो गेलाच.

काल दुपारी मात्र, तो झोपलेला असताना मी सवयीने त्याचा ओठ उचलायला गेले आणि त्याने डोळे न उघडता तोंड दुसरीकडे वळवले. तेव्हा ती रात्र मला जरा त्याच्या बाजूने दिसली. मी त्याच्याजवळ होते खरी, पण मी ओठ उचलत होते, कातडी ओढत होते, टॉर्च मारत होते, थर्मामीटर तर सोडूनच द्या. आणि दर चमचाभर पाण्यानंतर "आता ओकू नकोस हं" असे बजावत होते. अण्णा काहीच करत नव्हते. गुडघे धरतात म्हणून एरवी खाली न बसणारे अण्णा भिंतीला टेकून फरशीवर बसले होते आणि त्यांच्या हाताला काही काम नव्हते. दुखणाईत माणसालाही नर्स हवी असते, पण ती सारखी उशाशी नको असते. माझ्या बाळंतपणात आई मला सारखे काहीतरी पाजत असायची आणि मी बाबांची वाट पाहायची, ते येऊन नुसते पेपर वाचत बसायचे म्हणून. आईला तेव्हा काय वाटले असेल, ते असो.

पण म्हणून कंबर दुखायची थांबली असे नाही. कोणीतरी हिरडी दाबून पाहायला हवीच होती आणि ती दाबणाऱ्याकडे कोणी डोके टेकत नाही, ही व्यवस्था मला अजूनही पसंत नाही. आज सकाळीही लघवीचा रंग पाहायला मी त्याच्यामागे वाकून चालले होते आणि सोसायटीतल्या एका गृहस्थांनी "काही हरवले का?" असे विचारले. रंग व्यवस्थित आहे. हिरड्या गुलाबी आहेत.

पथ्याचा प्रश्नही मजेदार झाला. डॉक्टर म्हणाले, भाताबरोबर बिनमिठाचे उकडलेले चिकन द्या. पण मार्गशीर्षात आमच्या घरात चिकन शिरणे शक्य नाही आणि अण्णांनी ते डॉक्टरांच्या तोंडावर सांगितले. तडजोडीने मऊ भात, थोडा उकडलेला लाल भोपळा आणि चमचाभर दही असे ठरले, थोडे थोडे, दिवसातून चार वेळा. भात गुरगुट्या झाला तरी अण्णा तो हाताने पुन्हा कुस्करतात. काल दुसऱ्या वेळेला त्याने वाटी संपवली आणि ती नाकाने ढकलत स्वयंपाकघरात माझ्यापर्यंत आणली. जनुक जागे झाले, एवढाच त्याचा अर्थ. पण मी दोन मिनिटे त्याच्याजवळ बसले आणि हिरडी पाहिली नाही.

संध्याकाळी अण्णा पेन घेऊन फ्रिजपाशी बराच वेळ उभे होते. यादीच्या शेवटी त्यांच्या तिरक्या अक्षरात आता "भरीत" आले आहे. त्याखाली "रोडगा, तेल न लावता", आणि त्याखाली "ठोंबरा — डॉक्टरांना विचारणे". आत्याशी त्यांचे फोनवर बोलणे झाले असून कुत्र्याच्या पानात भरीत नसले तरी मल्हारी रागावत नाही, असे तिकडून कळले आहे. ठोंबरा म्हणजे जोंधळे शिजवून दही-मीठ घालतात ते. त्यात मीठ घातले नाही तर चालेल की नाही, हे सोमवारी रक्त द्यायला जाऊ तेव्हा डॉक्टरांना समजावून विचारण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले आहे.