मीटरचा लाल दिवा आणि आजीचा बंब

जानेवारीचं लाईट बिल आलं आणि आम्ही 300 युनिटच्या पुढे, म्हणजे वरचे सगळे युनिट महागड्या स्लॅबमधे. घरात एसी नाही, मग जातंय कुठे? एका रविवारी सकाळी खाली पार्किंगमधे जाऊन मीटरसमोरच उभी राहिले. आमच्या मीटरवर 3200 लिहिलंय, म्हणजे तो बारका लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. नुसता फ्रिज चालू होता तेव्हा दहा-बारा सेकंदांनी एकदा लुकलुकायचा. मग ह्यांना फोन करून म्हटलं गीझर लावा, आणि दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा! त्या दिवशी कळलं की बाकीचे दिवे-पंखे बंद करत मी उगाच घरभर फिरत होते.

आमचा गीझर 15 लिटरचा, 2000 वॅटचा. थंडीतलं 20 डिग्रीचं पाणी 60 पर्यंत न्यायला साधारण वीस मिनिटं आणि 0.7 युनिट लागतं, ते लागणारच, त्याला इलाज नाही. पण आमच्याकडे सहाला बटण चालू आणि शेवटची अंघोळ साडेनऊला, मधल्या वेळात टाकी निवते, परत तापते, परत निवते, आणि ते पाणी कुणीच वापरत नाही!

आजीकडे तांब्याचा बंब होता. एकाची बादली काढली की लगेच वरून गार पाणी ओतायचं आणि पुढच्याला हाक, "चला रे, बंब निवतोय." जाळ वाया जाऊ नये म्हणून सगळ्यांच्या अंघोळी एकापाठोपाठ. तेच आता आम्ही करतो, सव्वासहा ते सात, शेवटचा माणूस आत शिरला की बटण बंद, कारण टाकीत उरलेलं गरम पाणी त्याला पुरतं. थर्मोस्टॅट पण 55 वर आणला. शॉवर फक्त रविवारी, एरवी बादली.

वॉशिंग मशीन मी कायम 40 वर लावायची, का कोण जाणे. फ्रंट लोडमधे मोटरपेक्षा जास्त वीज पाणी तापवायला जाते, म्हणून रोजचे कपडे आता गार पाण्यात, फक्त टॉवेल आणि चादरी गरम. तेलकट भांड्यांसाठी वेगळं पाणी तापवत नाही, कुकरच्या तळाला उरलेलं गरम पाणी कढईत ओतते, दहा मिनिटांत चिकटपणा सुटतो.

आणि कुकरचं एक, खरंच करून बघा. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करायचा. आतलं पाणी तेव्हा 120 डिग्रीच्या आसपास असतं, मोठ्या जाळाने ते आणखी तापत नाही, नुसती वाफ बाहेर पडते. तूरडाळ तासभर भिजवलेली असेल तर सासूबाईंनासुद्धा फरक कळला नाही, आणि त्या वरणाच्या बाबतीत फार कडक आहेत.

फेब्रुवारीचं बिल 261 युनिट. आता गच्चीवरच्या सोलरचं बघायचंय, तिथून चार मजले खाली पाणी येईस्तोवर पाऊण बादली गारच येते, सध्या ती बाजूला ठेवून फरशी पुसायला घेते. पाइपला फोम गुंडाळायचा का, ते प्लंबरला विचारलंय, शनिवारी येतो म्हणालाय.