म्युऑनने पाहिलं की केलं?

पहाटेचे चार वाजले होते आणि पडद्यावरच्या आलेखात खड्डा पडला होता. तो तिथे असायलाच नको होता.

ऑक्सफर्डजवळच्या आयसिस या संशोधनकेंद्रात आम्हाला तीन दिवसांचा म्युऑनचा बीम, म्हणजे झोत, मिळाला होता. म्युऑन म्हणजे अल्पायुषी धनभारित कण; तो नमुन्यात जाऊन थांबतो आणि तिथलं चुंबकीय क्षेत्र कसं आहे ते सांगतो. घरच्यांना मी एवढंच सांगतो: वर्षभर अर्ज करायचे, मग तीन रात्री झोपायचं नाही.

नमुना प्रेझोडायमियम या दुर्मीळ मृदा धातूच्या एका संयुगाचा. पेपर गेलेला नाही, म्हणून सूत्र सांगत नाही. विशिष्ट उष्णतेच्या आलेखात २ केल्विनच्या आसपास ठसठशीत शिखर दिसतं, म्हणजे त्या तापमानाला आत काहीतरी शिस्तीत बसतं. आमचा अंदाज क्वाड्रुपोलच्या मांडणीचा, म्हणजे चुंबकीय मोमेंट (अणूंची इवली चुंबकं) नव्हे, तर अणूच्या आतल्या ४एफ इलेक्ट्रॉनांच्या ढगांचे आकार शिस्तीत बसतात. असली मांडणी फार लपून राहते. सिरियम हेक्साबोराइडमध्ये ती ३.३ केल्विनला होते, चुंबकीय मांडणी २.३ला, मधल्या पट्ट्यात बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावेपर्यंत न्यूट्रॉनलाही काही सापडलं नव्हतं. म्युऑनचा स्पिन (त्याचं अंगभूत फिरणं, ज्यामुळे तो इवल्या चुंबकासारखा वागतो) अर्धा, त्याला क्वाड्रुपोल कळतच नाही, कळतं ते फक्त चुंबकीय क्षेत्र. आम्हाला नेमकं तेच हवं होतं. शिखराखालीही म्युऑन शांत राहिला, तर चुंबकीय मांडणी नाही असं ठासून म्हणता येतं.

नमुना बसवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. चांदीची पाटी घ्यायची, कारण चांदीच्या अणुकेंद्रांचं चुंबकत्व नगण्य; चुकून तिच्यात थांबलेला म्युऑन गोंधळ घालत नाही. त्यावर पातळ केलेल्या वार्निशमध्ये कालवलेली पूड पसरायची, थापायची नाही. वरून चांदीचा वर्ख, मिठाईवर असतो त्याहून जाड. एवढं करूनही ०.३ केल्विनला पूड खरोखर थंड झाली की फक्त थर्मामीटर, ही धाकधूक असतेच.

मग २० गॉसचं आडवं क्षेत्र लावून कॅलिब्रेशन (आम्ही त्याला टी-ट्वेंटी म्हणतो), आणि शून्य क्षेत्रात रन सुरू. म्युऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो. मरताना पॉझिट्रॉन (धन भाराचा इलेक्ट्रॉन) जास्त करून स्पिनच्या दिशेने फेकतो, ते मोजायचे, म्हणजे स्पिन वेळेनुसार कसा वळतो याचा आलेख मिळतो. एका रनला तीन कोटी.

आलेख अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आत कोसळला आणि एक तृतीयांशावर सावरला. आतलं क्षेत्र स्थिर आणि अस्ताव्यस्त असल्याची ही खूण. चार-पाचशे गॉसचं सरळ, म्हणजे स्पिनच्याच दिशेने, क्षेत्र लावल्यावर खड्डा गेला, म्हणजे खरंच स्थिर. भारतात साडेआठ वाजले होते, सरांना फोन लावला.

"अरे, मॅग्नेटिक ऑर्डर आहे ना? मग लिही की!"

सरांचा उत्साह मला ठाऊक आहे. त्यांना निष्कर्ष आधी लागतो, एरर बार नंतर.

तिथल्या शास्त्रज्ञ बाईंनी मात्र चहाचा कप खाली न ठेवताच विचारलं, "प्रेझोडायमियम ना? तापमान वाढवून बघितलंस?"

वाढवलं. २ केल्विनला खड्ड्यात काही फरक नाही. ५ला होता. १०लासुद्धा उथळ होत होत टिकून होता. शिखराशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

म्युऑनला धन विद्युतभार असतो. तो जिथे बसतो तिथल्या शेजारच्या अणूंना ढकलतो, ओढतो. प्रेझोडायमियमच्या आयनाची जोडपातळी (एकाच ऊर्जेच्या दोन अवस्था) शेजाऱ्यांच्या मांडणीतल्या समरूपतेच्या आधारावर उभी असते, तो आधार गेला की ती फुटते. मग त्याच्या अणुकेंद्राचा इवलासा मोमेंट कितीतरी पटींनी फुगतो. सिरियमचं असं होत नाही, त्याची जोडी चुंबकीय क्षेत्राशिवाय फुटत नाही. म्हणजे आम्ही मोजलं ते बहुधा आमचं संयुग नव्हतंच, म्युऑनने स्वतःभोवती केलेली मोडतोड होती.

बहुधा. कारण मग शिखराखाली लांबच्या आयनांचं काय चाललंय, ते या गोंगाटात ऐकूच येत नाही. आमचा नकारही गेला आणि होकारही. म्युऑन कुठे बसतो याचं गणित सहकाऱ्याने तीन आठवडे चालवलं. दोन जागा आल्या, ऊर्जा जवळजवळ सारखी. प्रेझोडायमियमच्या जागी लँथनम घातलेला जुळा नमुनाही मोजला. तो शांत होता, पण त्याच्याकडे ४एफ इलेक्ट्रॉनच नाहीत, त्याच्या शांततेवर काय विसंबायचं?

सरांनी परवा मसुद्यात विचारलं, आकृतीतली सगळ्यात खालची रेघ कुठल्या तापमानाची? मी ०.३ केल्विन लिहिलंय. कंसात, "थर्मामीटरचं".