नंबराच्या शेजारचा तडा

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या उघडून पुन्हा उभ्या करण्याचं काम मी घरच्या वर्कशॉपमध्ये करतो, एका वेळी एकच गाडी घेऊन. मागच्या कामातली लँड क्रूझर मालकाकडे परत गेली, चांगली चालते आहे, तरी तिच्या चासीवरच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावरच्या, वीतभर जागेबद्दल माझं मन अजून हो-नाही करतं आहे.

गाडी ४० मालिकेतली लांब चासीची पिकअप, एचजे४७. आत २एच डिझेल इंजिन, सहा सिलिंडर, ३,९८० सीसी. इंजिनाकडे बोट दाखवायला जागा नव्हती. तक्रार स्टिअरिंगची होती. साठच्या वेगाला चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग थडथडायला लागायचं, आणि गाडी जवळजवळ उभी केल्याशिवाय ते थांबायचं नाही. आधी जिथे जिथे गाडी दाखवली तिथे स्टिअरिंग डँपर बदलून दिला होता. डँपर थरथर दाबतो, थरथरीचं कारण काढत नाही. नवा डँपर टाकला की थोडे दिवस बरं वाटतं, तेवढ्यात मूळ दुखणं वाढत राहतं. लोकांकडून या एका भागाचे इतके पैसे घेतले जातात आणि गाडीखाली कोणी आडवं होत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

पुढचं चाक जॅकवर उचललं, वर-खाली धरून हलवलं. ढिलाई होती. अशा वेळी कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावं. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर ती चाकाच्या बेअरिंगची, नाही गेली तर किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या खुंटीवर डावी-उजवीकडे वळतं तिच्या, बेअरिंगची. इथे दोन्हींची होती. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडलं तर नटाच्या कडा छिन्नीने ठोकून गोल केलेल्या. या नटाला ५४ मिलिमीटरचा सॉकेट लागतो आणि तो काही दुर्मिळ नाही. छिन्नीने कसलेल्या नटात बेअरिंगचा ताण मोजता येत नाही, म्हणजे बेअरिंग नवं टाकलं तरी पहिल्या दिवसापासून चुकीच्या ताणावर फिरतं.

दुसरं कारण कॅस्टरचं, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं तो वरून मागे किती झुकलेला आहे त्या कोनाचं. गाडी उंच दिसावी म्हणून कोणीतरी पुढच्या पाट्यांना (स्प्रिंगना) लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या कड्या, लावल्या होत्या. या गाडीत पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असते. ती लांब केली की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, ऍक्सलचा वरचा भाग पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. मुळातच या गाडीला कॅस्टर फक्त १ अंश दिलेला आहे, त्यामुळे घालवायला फारसं काही शिल्लक नसतं. मोजला तेव्हा तो शून्याच्या खाली गेलेला होता. वळणातून बाहेर पडताना चाकं आपोआप सरळ होतात ती कॅस्टरमुळे. तो गेला की सरळ रस्त्यावरही गाडी हाताने धरून ठेवावी लागते.

इथपर्यंतचं सगळं नेहमीचंच. बेअरिंग, शिम (ताण जुळवायच्या पातळ चकत्या), मूळ मापाच्या शॅकल, आणि कॅस्टर परत मिळवायला पाटा आणि ऍक्सल यांच्यामध्ये स्टीलची पाचर. ऍल्युमिनियमची पाचर मी वापरत नाही, ती दाबाखाली चुरते आणि पाटा ऍक्सलला बांधणारे यू-बोल्ट सैल पडतात.

तरीही मला स्टिअरिंगची मोकळी चाल जास्त वाटत होती. गाडी चाकांवर उभी असताना मी खाली शिरलो आणि पुतण्याला इंजिन चालू करून स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं सारखं फिरवायला सांगितलं. ही तपासणी सगळ्यात साधी आणि सगळ्यात कमी केली जाणारी. चाकांवर वजन असतं, त्यामुळे जे काही ढिलं आहे ते चाकाच्या आधी हलतं. टाय रॉड ठीक, सांधे ठीक. मग नजर स्टिअरिंग बॉक्सवर, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणाऱ्या गिअरच्या डब्यावर, गेली. बॉक्समधून बाहेर येणारा दांडा, पिटमन आर्म, हलायच्या आधी अख्खा बॉक्स सरकत होता, आणि त्याच्याबरोबर चासीच्या लांब तुळईची, म्हणजे रेलची, बाहेरची भिंत आत-बाहेर होत होती. पुतण्याला जागा बदलून खाली बोलावलं. तो म्हणाला, "काका, बोल्ट घट्टच आहेत, पण पत्रा श्वास घेतोय."

पॉवर स्टिअरिंगचा हा बॉक्स नंतर बसवलेला होता. चासीची रेल इथे आतून पोकळ आहे. अशा रेलमधून आरपार बोल्ट टाकून नट आवळला की दोन्ही भिंती एकमेकींकडे दबतात. बोल्ट घट्ट लागला असं हाताला वाटतं, पण खरा ताण धरला जात नाही. मग दर वळणाला बॉक्स किंचित सरकतो, भोकं लांबट होतात आणि एक दिवस भोकाच्या कडेला चीर पडते. यावरचा उपाय म्हणजे बोटभर नळी. रेलमध्ये मोठं भोक पाडून जाड भिंतीची नळी आरपार बसवायची, तिची दोन्ही टोकं दोन्ही भिंतींना वेल्ड करायची आणि बोल्ट त्या नळीतून न्यायचा. मग नट कितीही आवळा, दाब नळी घेते. बोल्टला एक नळी, एवढंच काम. ते टाळून वर नवा चकचकीत पंप बसवून दिला होता, आणि गाडी वर्षानुवर्षं तपासणीतून पास होत आली होती.

तारेच्या ब्रशने रंग काढला. पुढच्या वरच्या भोकापासून मागे जाणारी, केसाएवढी तपकिरी रेघ. चिरेत शिरणारा लाल डाय लावला, थांबलो, पुसला, आत राहिलेला डाय वर ओढणारा पांढरा डेव्हलपर फवारला. रेघ लाल होऊन वर आली आणि जिथे संपायला हवी होती तिथे संपली नाही. ती थेट चासी नंबराकडे गेली होती.

४० मालिकेत चासी नंबर उजव्या रेलच्या बाहेरच्या भिंतीवर, पुढच्या चाकाजवळ ठोकलेला असतो. गाडी उजव्या स्टिअरिंगची असल्यामुळे बॉक्सही त्याच रेलवर. आणि ठोकलेल्या अंकांच्या खाचांमध्येही डाय शिरतो. डेव्हलपरवर सगळे अंक लाल उमटले. तडा पहिल्या अंकाच्या अलीकडेच संपला, की त्या अंकाच्या खाचेतून पुढे गेला, हे त्या लाल खुणांमधून ठरवणं शक्य नव्हतं. एरवी मी ग्राइंडर घेऊन पत्रा थोडा घासतो आणि पुन्हा डाय लावतो. इथे घासलं तर नंबरच जातो. लोखंडाची भुकटी आणि चुंबक लावूनही तेच झालं, कारण खाचांच्या कडांवरही भुकटी गोळा होते.

मजबुतीच्या दृष्टीने सगळ्यात चांगला उपाय होता तो म्हणजे रेलचा तेवढा भाग कापून नवा बसवणं. पण मग गाडीची ओळख कापली जाते. जुना नंबर कापून नव्या पत्र्यात वेल्ड करणं किंवा नवा ठोकणं मी करणार नाही. हेतू कितीही चांगला असला तरी चोरीच्या गाड्यांवर करतात तेच काम आहे ते. वरून मोठी पट्टी मारून नंबर झाकला तर पुढच्या मालकाने कशावर विश्वास ठेवायचा? मालकाला मी हे सगळं गाडीखाली नेऊन दाखवलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही तुमच्या गाडीला काय केलं असतं?" उत्तर द्यायला मला वेळ लागला.

शेवटी असं केलं. दिसणाऱ्या चिरेच्या टोकाला, नंबराच्या अलीकडे, बारीक भोक पाडलं, म्हणजे तिथून पुढे ताण एका बिंदूत साठत नाही. चीर व्ही आकारात उघडली. बॅटरीच्या आणि अल्टरनेटरच्या तारा सोडल्या, ब्रेकची नळी बाजूला घेतली, नंबरावर तांब्याचा पत्रा बांधला कारण तांब्याला वेल्डिंगचे थेंब चिकटत नाहीत. ७०१८ हे कमी हायड्रोजनचे वेल्डिंग रॉड ओव्हनमध्ये कोरडे करून घेतले. ओला रॉड वेल्डमध्ये हायड्रोजन सोडतो आणि काम संपल्यावर शेजारीच नवी चीर देतो. आखूड टाके, मध्ये थंड व्हायला वेळ. मग बाहेरून रेलच्याच जाडीची पट्टी, टोकं तिरकी निमुळती केलेली, नंबराच्या आधी थांबणारी. रेलच्या उंचीला समांतर असा उभा टाका कुठेही घेतला नाही, तो रेलला तिथेच मोडायची जागा करून देतो. आतल्या भिंतीवर मात्र नंबर नाही, तिथे पट्टी लांब घेतली, नंबराच्या बरीच पलीकडे. बोल्टना नळ्या. बॉक्सपासून पुढच्या क्रॉस मेंबरपर्यंत, म्हणजे दोन रेल जोडणाऱ्या आडव्या तुळईपर्यंत, एक आडवा टेकू, म्हणजे वळणाचा जोर एकट्या उजव्या रेलवर येत नाही. या टेकूवर मी खूश आहे. पुतण्याने पुन्हा स्टिअरिंग हलवलं तेव्हा बॉक्स आणि रेल दोन्ही जागचे हलले नाहीत, थेट चाकं वळली.

रस्त्यावर गाडी ऐंशीला खड्ड्यातून गेली आणि स्टिअरिंग शांत राहिलं. डँपर मी मुद्दाम काढून ठेवला होता. तो नंतर लावला.

मालकांना आता ३५ इंची टायर हवेत. मूळच्या ७.५०-१६ टायरचा व्यास जवळजवळ ३२ इंच. म्हणजे साधारण दहा टक्के मोठं चाक, तेवढाच ब्रेकवर आणि स्टिअरिंगवर जास्त भार, आणि दगडात अडकलेलं चाक वळवताना तो सगळा त्याच उजव्या रेलवर. मी नाही म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही.

नंबराच्या जागेवर मी काळा रंग दिला नाही, फक्त पारदर्शक लॅकर. चीर पुढे सरकली तर गंजाची रेघ दिसेल. दर महिन्याला ते त्याच कोनातून फोटो पाठवतात, मी मोठा करून पाहतो. आतापर्यंत काही नाही. पण फोटोत काही न दिसणं आणि तिथे काही नसणं यांत फरक आहे, आणि त्या एका अंकाखाली काय आहे हे मला ठामपणे सांगता येत नाही. एडी करंटची, म्हणजे पत्र्यात विजेचे भोवरे निर्माण करून चीर शोधण्याची, तपासणी पत्रा न घासता होते, तेव्हा तिची सोय असलेलं कोणी शोधतो आहे. ठोकलेल्या अंकांच्या शेजारचा तडा कोणी खात्रीने तपासला असेल, तर खाचांचा संकेत आणि चिरेचा संकेत त्यांनी वेगळे कसे काढले, ते मला ऐकायचं आहे. ते कळेपर्यंत ३५ इंची टायर त्या गाडीवर माझ्या हाताने चढणार नाहीत.